ग्रीक कुंभांचा हरवलेला पत्ता

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लाख डॉलर मोजून मातीचे एक भांडे विकत घेतले, आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याकरिता स्वतःच्या संग्रहातली प्राचीन नाणी लिलावात काढली. भांडे इ.स.पू. ५१५ च्या सुमारास अथेन्समध्ये घडलेले होते. वाइनमध्ये पाणी मिसळण्यासाठी ग्रीक लोक जे रुंद तोंडाचे ‘क्रेटर’ वापरत, त्या प्रकारातले ते होते आणि त्यावर कुंभार युक्सिथिऑस व चित्रकार युफ्रोनिऑस या दोघांच्याही सह्या होत्या. ते आले कुठून, असे विचारणाऱ्यांना बेरूतमधल्या एका संग्राहकाच्या घराण्यात ते पिढीजात होते, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात १९७१ च्या अखेरीस रोमच्या वायव्येला असलेल्या चेर्वेतेरी गावालगत कबरचोरांनी एका एट्रुस्कन थडग्यातून, म्हणजे रोमच्या उदयाआधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यातून ते उकरून काढले होते. अनेक वर्षे चाललेल्या वादानंतर २००६ मध्ये संग्रहालयाने इटलीशी करार केला, २००८ मध्ये क्रेटर परत गेले, आणि आता ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे.

ही हकीकत चोरी पकडली गेल्याची आणि न्याय झाल्याची म्हणून सांगितली जाते, आणि तेवढ्यापुरती ती खरीही आहे. पण भांडे परतले, तरी ते ज्या थडग्यात होते ते थडगे परतलेले नाही. मृत व्यक्ती पुरुष होती की स्त्री, क्रेटर तिच्या उशाशी होते की पायथ्याशी, शेजारी पेले होते की शस्त्रे, ते नवे कोरे पुरले की वर्षानुवर्षे वापरून झिजल्यावर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आता कोणत्याही करारातून मिळणार नाही. ग्रीक चित्रकुंभांच्या बाबतीत हे नुकसान वरवरचे नाही, कारण या भांड्यांवरील पुराणकथेचा अर्थ ते भांडे कोणाच्या हातात, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या जागी होते यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. त्यामुळे प्राप्तिस्थान, म्हणजे वस्तू जिथे सापडली ती जागा, हा कलाकृतीचाच एक भाग मानला पाहिजे. ज्याच्या उगमाचा खात्रीचा पुरावा नाही असे ग्रीक भांडे कोणत्याही सार्वजनिक संग्रहालयाने विकत किंवा देणगी म्हणूनही घेऊ नये, आणि पूर्वी घेतलेल्या भांड्यांच्या पाटीवर ही उणीव ठळकपणे नोंदवावी, असे माझे मत आहे.

या क्रेटरवरचेच चित्र पाहा. देवांचा राजा झ्यूस याचा पुत्र आणि लिसियाचा राजा सार्पेडॉन ट्रॉयच्या बाजूने लढताना पॅट्रोक्लस या ग्रीक योद्ध्याच्या हातून मारला जातो. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या सोळाव्या सर्गात झ्यूस आपल्या मुलाला वाचवावे की नाही या विचारात पडतो, अखेर दैवापुढे माघार घेतो, आणि त्याचा देह मायदेशी नेऊन त्याच्यावर रीतसर अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून निद्रा आणि मृत्यू या जुळ्या भावांवर तो सोपवतो. युफ्रोनिऑसने नेमका तो क्षण निवडला आहे. पंख असलेले दोघे भाऊ रक्त ओघळणारा प्रचंड देह उचलत आहेत आणि मध्ये देवांचा दूत हर्मीस उभा आहे. दुसऱ्या बाजूला मात्र पुराणातला कुठलाही ओळखीचा प्रसंग नाही, तिथे काही तरुण चिलखत चढवताना दिसतात. अथेन्समधल्या एखाद्या घरातील मद्यगोष्ठीत हे क्रेटर मधोमध ठेवले असते, तर उद्या युद्धावर जाऊ शकणाऱ्या तरुणांना त्याच्या एका बाजूला आपली तयारी आणि दुसऱ्या बाजूला आपला संभाव्य शेवट दिसला असता. तेच भांडे समुद्रापलीकडे, वेगळी भाषा बोलणाऱ्या आणि वेगळे देव पुजणाऱ्या एट्रुस्कन कुटुंबाने मृताबरोबर पुरले, तेव्हा त्यांना त्यात काय दिसले असेल? त्यांना सार्पेडॉन माहीत होता, की मृताला हळुवारपणे उचलून नेणारे दोन पंखधारी एवढेच त्यांना पुरेसे होते? थडग्याची मांडणी अभ्यासकांच्या हाती आली असती, तर या प्रश्नावर निदान काही आधाराने बोलता आले असते.

असा आधार मिळाला की किती फरक पडतो, हे त्याच युक्सिथिऑसने घडवलेल्या आणि ऑल्टॉस नावाच्या चित्रकाराने रंगवलेल्या एका पेल्यावरून कळते. हा पेला तार्क्विनियाला सापडला, तिथल्याच संग्रहालयात आहे, आणि त्यावर ऑलिंपसवरील देवांची सभा चितारली आहे. त्याच्या बैठकीखाली एट्रुस्कन लिपीत कोरलेली एक ओळ आहे. वेनेल अतेलिनास नावाच्या माणसाने तो पेला झ्यूसच्या पुत्रांना, म्हणजे डायोस्कुरी या जुळ्या देवांना अर्पण केला, असे तीत म्हटले आहे. फक्त त्याने झ्यूसला आपल्या भाषेतले टिनिया हे नाव दिले आहे. अथेन्सच्या कुंभारवाड्यात घडलेला मद्यपेला इटलीत पोचून देवाला वाहण्याची वस्तू होतो, आणि वाहणाऱ्याला ग्रीक देव आपलेच वाटतात. गाव, माणूस आणि हेतू हे तिन्ही कळल्यामुळे तो पेला दोन समाजांमधल्या देवाणघेवाणीचा दस्तऐवज ठरला. सार्पेडॉनचे क्रेटर चित्र म्हणून त्याहून श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. माहिती म्हणून ते त्याच्यापुढे दरिद्री आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये पुराणकथा मंदिराच्या शिल्पांत होत्या, नाटकात होत्या, तशाच त्या घरातल्या भांड्यावर होत्या, आणि प्रत्येक भांड्याला एक काम होते. स्त्रिया लोकर पेळताना मांडीवर ठेवत असत ते ‘एपिनेट्रॉन’ नावाचे मातीचे कवच घ्या. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात इ.स.पू. ४२५ च्या सुमाराचे एक अतिशय नाजूक एपिनेट्रॉन आहे. नववधू हार्मोनियाचा साजशृंगार, लग्नानंतरची अल्केस्टिस, आणि समुद्रदेवी थेटिसला बळाने धरणारा मर्त्य पेलेउस, असे तीन विवाह त्यावर चितारले आहेत. लोकर पेळणे हे गृहिणीचे रोजचे काम आणि विवाह हे तिच्या आयुष्याचे ठरलेले वळण, म्हणून या वस्तूवर या कथा आल्या. त्यात पेलेउस-थेटिसची झोंबाझोंबी का घेतली असावी, यावर विचार करू लागलो की ग्रीक विवाहाविषयी एखाद्या प्रबंधातूनही कळणार नाही असे काही तरी हाती लागते. चित्रे कापून पुस्तकात छापली आणि वस्तूचा वापर सांगितलाच नाही, तर तिथे तीन सुंदर पुराणप्रसंग तेवढे उरतात.

लग्नाच्या स्नानाचे पाणी आणण्यासाठी ‘लुट्रोफोरॉस’ नावाचा उंच मानेचा घडा असे, आणि लग्न होण्याआधीच कोणी मरण पावले तर त्याच आकाराचा घडा त्याच्या थडग्यावर उभारत. वसंतातल्या अँथेस्टेरिया उत्सवात तीन वर्षांच्या मुलांना फुलांचे मुकुट घालत. त्या उत्सवातल्या छोट्या सुरयांवर रांगणारी, गाडा ओढणारी, कुत्र्याशी खेळणारी मुले रंगवलेली आहेत. अशा सुरया लहान मुलांच्या कबरींतही सापडल्या आहेत. कबरीवर ठेवायच्या पांढऱ्या तेलकुप्या वरून भरलेल्या दिसतात, पण त्यांतल्या काहींच्या आत एक छोटीशी आतली कुपी बसवलेली असते, म्हणजे महाग तेल थोडेच लागावे. शोक खरा होता आणि काटकसरही खरी होती. हे सगळे बारकावे कोणत्या कबरीत, कोणाच्या सोबत, काय होते याची नोंद झाल्यामुळे कळले आहेत. ‘लहान सुरई, बालकाचे चित्र, अथेन्स, इ.स.पू. पाचवे शतक’ एवढीच पाटी असलेली वस्तू यांतले काही सांगू शकत नाही.

उत्खननातली जागा काय सांगू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण चित्रकलेतले नसून राजकारणातले आहे. अथेन्सचे नागरिक एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवण्याकरिता खापरीच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरून मत देत असत. १९३७ मध्ये आक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत अशा सुमारे १९० खापऱ्या एकत्र सापडल्या. जवळजवळ सर्वांवर थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याचे एकच नाव होते, आणि अक्षरे तपासल्यावर ती चौदाएक माणसांनीच कोरली असल्याचे दिसून आले. विरोधकांनी मतपत्रिका आधीच तयार करून वाटण्यासाठी ठेवल्या होत्या, असा निष्कर्ष त्यावरून निघतो. याच खापऱ्या एकेक करून बाजारात आल्या असत्या, तर प्रत्येकीवर थेमिस्टोक्लीसचे नाव असलेली एक ऐतिहासिक मतखापरी म्हणून ती हौशी संग्राहकाच्या कपाटात गेली असती, आणि लोकशाहीच्या माहेरघरातला हा संघटित प्रचार कोणालाही कधीच कळला नसता.

यावर कलेच्या इतिहासाचे अभ्यासक एक गंभीर आक्षेप घेतात. ऑक्सफर्डच्या जॉन बीझली यांनी विसाव्या शतकात कान, घोटे, वस्त्राच्या चुण्या अशा तपशिलांवरून हजारो निनावी भांड्यांचे चित्रकार ओळखले आणि अथेन्सच्या कुंभारवाड्याचा वंशवृक्षच उभा केला. त्यासाठी प्राप्तिस्थान लागले नाही, भांडे डोळ्यांसमोर असणे पुरले. आक्षेप खरा आहे, आणि बीझली यांचे काम टाकून देता येणारे नाही. मात्र त्या पद्धतीने एक दुष्परिणामही घडवला. भांड्यावर चित्रकाराचे नाव बसले की त्याची बाजारातली किंमत वाढू लागली, आणि अथेन्सचा कारागीर रेनेसाँच्या चित्रकारासारखा दिसू लागला. त्याच्या स्वतःच्या काळात त्याची पत वेगळी होती. एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कामगाराला दिवसाला एक द्राख्मा हे चांदीचे नाणे मिळत असे, मग तो नागरिक असो, परका रहिवासी असो वा गुलाम. भांड्यांच्या तळाशी खरडलेल्या किमती पाहिल्या तर मोठा चित्रित घडादेखील दोन-तीन द्राख्मांच्या घरातच दिसतो. श्रीमंतांच्या घरी मानाची भांडी चांदीची आणि सोन्याची असत, असे मायकेल व्हिकर्स आणि डेव्हिड गिल यांनी १९९० च्या दशकात आग्रहाने मांडले. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला पटत नाहीत. मातीच्या भांड्यांनी धातूच्या भांड्यांची निव्वळ नक्कल केली असे म्हणणे अतिरेकी आहे, आणि ‘युफ्रोनिऑसला असे कधीच जमले नसते’ अशा अर्थाची बढाई आपल्या भांड्यावर लिहून ठेवणाऱ्या युथिमिडीस या त्याच्या समकालीन चित्रकाराला आपल्या हुन्नराचा अभिमान नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण दोन-तीन दिवसांच्या मजुरीची वस्तू दहा लाख डॉलरला पोचते, तेव्हा ती दरी आपल्या काळाने तयार केलेली आहे, आणि त्या दरीतूनच रात्री कुदळ घेऊन थडग्यांवर जाणाऱ्या टोळ्यांचा धंदा चालतो, हे मान्य करावे लागते.

तो धंदा किती मोठा आहे? दक्षिण इटलीत, अपुलिया भागात बनलेल्या लाल आकृतींच्या ग्रीक भांड्यांची प्रकाशित यादी तेरा हजारांवर जाते. रिकार्डो इलिया यांनी २००१ मध्ये ती तपासली, तेव्हा त्यांपैकी अवघी पाच ते सहा टक्के भांडी पुरातत्त्वज्ञांनी रीतसर खणून काढलेली असल्याचे त्यांना आढळले. उरलेल्या भांड्यांतील बरीच एकोणिसाव्या शतकात किंवा त्याही आधी, आजचे कायदे नसताना निघाली, त्यांच्याबद्दल आज कोणाला दोषी धरण्यात अर्थ नाही. मात्र १९७० मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध करार केल्यानंतरही बाजारात नव्याने येत राहिलेल्या भांड्यांना ही सबब चालत नाही. १९९५ मध्ये जिनिव्हाच्या मुक्त बंदरातील, म्हणजे जकात न भरता माल साठवता येतो अशा जागेतील, जाकोमो मेदिची या दलालाच्या गोदामावर छापा पडला, तेव्हा नुकतीच मातीतून निघालेली, फुटलेली, चिखल लागलेली भांडी दाखवणारी पोलरॉइड छायाचित्रे हाती लागली. त्यांतलीच काही भांडी पुढे स्वच्छ आणि सांधलेल्या रूपात नामांकित संग्रहालयांच्या काचेआड दिसली.

‘आम्ही घेतले नाही तर एखादा धनाढ्य घेईल आणि वस्तू कायमची नजरेआड जाईल,’ हा युक्तिवाद संग्रहालये नेहमी करतात. तो ऐकायला व्यवहारी वाटतो, पण धनाढ्य माणूस वस्तू घेतो ती पुष्कळदा पुढे मागे ती संग्रहालयाला देऊन प्रतिष्ठा आणि करसवलत मिळावी या आशेने. संग्रहालयाने दार बंद केले की त्याच्याही खरेदीचे एक मोठे कारण नाहीसे होते. ‘लहानशा चेर्वेतेरीपेक्षा न्यूयॉर्कमध्ये कितीतरी अधिक लोक पाहतील,’ हा दुसरा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो. त्यावर उत्तर मालकीपेक्षा उसनवारीत आहे. २००६ च्या कराराने मेट्रोपॉलिटनला परत केलेल्या वस्तूंच्या बदल्यात इटलीतील तोलामोलाच्या वस्तू काही वर्षांसाठी प्रदर्शनाला मिळू लागल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ पासून काही महिने भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पे शेजारी शेजारी मांडली होती, त्यांतली परदेशी शिल्पे लंडन आणि बर्लिन येथील संग्रहालयांकडून उसनी आणूनच. एकही संशयास्पद खरेदी न करता मुंबईकरांना ग्रीक शिल्प पाहता आले.

प्राप्तिस्थान नसले तर वस्तू खरी आहे की नाही हेदेखील सांगता येत नाही, हा मुद्दा कलाप्रेमींना तरी पटावा. कॅलिफोर्नियातील गेटी संग्रहालयाने १९८० च्या दशकात लक्षावधी डॉलर देऊन एका नग्न तरुणाचा, ‘कूरॉस’ प्रकारचा संगमरवरी पुतळा घेतला. त्याची कागदपत्रे बनावट निघाली, दगडाच्या परीक्षणांतून एकमत झाले नाही, आणि अखेर पाटीवर ‘ग्रीक, सुमारे इ.स.पू. ५३०, किंवा आधुनिक नक्कल’ असे लिहावे लागले. २०१८ पासून तो प्रदर्शनात नाही. मला ती पाटी संग्रहालयांच्या इतिहासातली एक अत्यंत प्रामाणिक पाटी वाटते, भले ती नाइलाजाने लावलेली असो.

याउलट कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची वीतभरसुद्धा नसलेली कांस्यमूर्ती पाहा. रोमन साम्राज्याच्या काळात ग्रीक नमुन्यावरून बनवलेल्या अशा लहान मूर्ती भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पुष्कळ आहेत, आणि लिलावात एखादी आली तर तिच्याकडे फार लोक वळून पाहणार नाहीत. ती कोल्हापुरात, सातवाहनकालीन वस्तीत, इतर कांस्यवस्तूंच्या संचासोबत सापडली म्हणून पश्चिमेच्या व्यापाराचे धागे घाटमाथ्यावरच्या शहरापर्यंत कसे पोचले होते, याचा ती पुरावा झाली. तिची सारी थोरवी सापडल्या जागेमुळे आहे.

प्राप्तिस्थानाच्या या आग्रहाचा राष्ट्राभिमानाशी मात्र घोटाळा होऊ देऊ नये. सार्पेडॉनचे क्रेटर अथेन्समध्ये घडले, म्हणून ते ग्रीसला द्यावे असे कोणी म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. अथेन्सच्या कुंभारांनी ते परदेशी गिऱ्हाइकासाठी पाठवले होते आणि अडीच हजार वर्षे ते इटलीच्या मातीत होते. निकोस्थेनीस नावाच्या कुंभाराने तर एट्रुस्कन काळ्या भांड्यांच्या आकाराची नक्कल करून खास त्या बाजारासाठी माल काढला होता. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून लंडनला नेलेल्या शिल्पांचा प्रश्नही यात मिसळू नये, कारण कोणती पट्टी मंदिराच्या कोणत्या भिंतीवर होती हे तिथे माहीत आहे; तिथला वाद मालकीचा आणि एकसंधतेचा आहे, अज्ञानाचा नाही.

राहिला प्रश्न संग्रहालयांत आज असलेल्या, पण उगमाचा पत्ता नसलेल्या हजारो भांड्यांचा. ती सगळी परत करा म्हणणे निरर्थक आहे, कारण कोणाला परत करायची हेच माहीत नाही. ती तळघरात कोंडणेही चूक ठरेल. पाटीवर चित्रकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात ‘प्राप्तिस्थान अज्ञात, अमुक साली अमुक विक्रेत्याकडून खरेदी’ असे लिहिणे आणि खरेदीची कागदपत्रे अभ्यासकांना खुली करणे, हे त्यांच्या बाबतीत करता येण्यासारखे आहे. अशी भांडी अभ्यासात घ्यावीत की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. अमेरिकेतील पुरातत्त्वाच्या प्रमुख नियतकालिकाने १९७३ नंतर संग्रहांत आलेल्या, उगम न सांगता येणाऱ्या वस्तूंना प्रथम प्रसिद्धी देण्यास नकार देण्याचे धोरण पत्करले, कारण विद्वानाचा लेख हाच बाजारात प्रमाणपत्राचे काम करतो. धोरणामागचे कारण मला मान्य आहे, तरी लेखनावर सरसकट बंदी मला पटत नाही. त्या भांड्यावरचे चित्र चोराने काढलेले नाही. अभ्यासकाने त्यावर लिहावे, पण लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात भांड्याच्या हस्तांतराची सारी ज्ञात माहिती द्यावी, आणि ते अजून विक्रेत्याच्या ताब्यात असेल तर मात्र लेखणी उचलू नये.